व्हिज्युअल नॉव्हेल गेमचा डेमो कसा पारखायचा? 'फिशबोल', देवनागरी आणि मोझरीची एक संध्याकाळ

गेम म्हटलं की बंदूक, गाडी नाहीतर क्रिकेटची बॅट डोळ्यासमोर येते. पण गेमचा एक प्रकार असा आहे की त्यात खेळणाऱ्याचं मुख्य काम असतं वाचणं. पडद्यावर एक चित्र, समोर एखादं पात्र, खाली संवादाची चौकट. आपण क्लिक करत वाचत जायचं, आणि मधूनमधून दोन-तीन पर्यायांतून एक निवडायचा. यालाच म्हणतात व्हिज्युअल नॉव्हेल.

असे गेम बनवणारे बरेचदा एकटे किंवा दोघं-तिघं असतात. पूर्ण गेम येण्याच्या आधी ते एक फुकट डेमो देतात. हा डेमो बघून मत कसं बनवायचं, आत तंत्र काय असतं आणि मराठी वाचणाऱ्यानं त्यात वेगळं काय तपासायचं, ते या लेखात पाहू.

मी मूळचा गुरुकुंज मोझरीचा. गावी आलो की हाताशी जुना लॅपटॉप आणि मोबाइलचा हॉटस्पॉट एवढंच असतं. मोठे गेम त्यावर उघडतही नाहीत. व्हिज्युअल नॉव्हेल मात्र निवांत चालतात, कारण त्यात थ्रीडी चित्रांचा भार नसतो. ज्यांच्याकडे भारी ग्राफिक्स कार्ड नाही, त्यांच्यासाठी गेमच्या जगात शिरायचा हा सगळ्यात सोपा दरवाजा आहे.

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे नेमकं काय?

हा प्रकार जपानचा. १९८३ साली युजी होरी यांचा 'पोर्टोपिया' नावाचा खुनाच्या तपासाचा गेम आला. पुढच्या बऱ्याच कथाप्रधान गेमनी त्याच्याकडून धडे घेतले. १९९२ मध्ये चुनसॉफ्ट कंपनीनं 'ओतोगिरिसो' आणला आणि त्याला 'साउंड नॉव्हेल' म्हटलं. 'व्हिज्युअल नॉव्हेल' हा शब्द १९९६ मध्ये लीफ कंपनीच्या 'शिझुकू'पासून रुळला.

तांत्रिक अंगानं बघितलं तर यात चारच गोष्टी असतात:

- बॅकग्राउंड: मागचं स्थिर चित्र. खोली, रस्ता, बसथांबा वगैरे.
- स्प्राइट: पात्राचं चित्र. तेच पात्र हसताना, रागात, गप्प अशी चार-पाच रूपं.
- स्क्रिप्ट: कोण काय बोलतं आणि कुठल्या पर्यायानंतर गोष्ट कुठे जाते, याची फाइल.
- आवाज: संगीत, पावसाचा किंवा गर्दीचा आवाज, कधी पात्रांचे प्रत्यक्ष आवाज.

नाटकाशी तुलना केली तर लगेच समजेल. बॅकग्राउंड म्हणजे मागचा पडदा, स्प्राइट म्हणजे नट, स्क्रिप्ट म्हणजे संहिता. फरक एवढाच की इथे प्रयोग पुढे सरकवायचा दोर प्रेक्षकाच्या हातात असतो.

हे बनवायला सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे रेनपाय. टॉम रॉथॅमेल यांनी २००४ मध्ये ते पहिल्यांदा आणलं. ते पायथनवर चालतं आणि फुकट आहे. एकदा लिहिलेला गेम विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन आणि ब्राउझर अशा सगळ्या ठिकाणी काढता येतो. २०१७ चा गाजलेला 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' रेनपायमध्येच बनलेला आहे. (वरून गोड दिसतो, पण तो मानसिक भयकथेचा गेम आहे. लहान मुलांच्या हाती देऊ नका.)

डेमो कुठल्या प्रकारचा आहे, ते आधी बघा

सगळे डेमो एकाच माळेचे मणी नसतात. मत बनवण्याआधी आपण नेमकं काय खेळतोय ते ओळखायला हवं.

- प्रोटोटाइप: कल्पना चालते का, एवढंच बघण्यासाठी केलेलं कच्चं काम. व्हेनेझुएलाच्या सुकेबान गेम्सनी २०१४ मध्ये एका गेम जॅमसाठी, म्हणजे ठरावीक दिवसांत गेम बनवायच्या उपक्रमासाठी, 'व्हॅलहाला'चं छोटं रूप बनवलं. त्यात आपण बारमध्ये पेय बनवून देतो आणि गिऱ्हाइकांचं ऐकतो. तेवढ्यावर लोकांना कल्पना आवडली आणि पूर्ण गेम २०१६ मध्ये आला.
- पहिला भाग: गोष्टीची सुरुवात जशीच्या तशी. पुस्तकाचं पहिलं प्रकरण फुकट द्यावं तसं.
- व्हर्टिकल स्लाइस: गेमचा एकच छोटा तुकडा, पण चित्र, संगीत, मेन्यू, सेव्ह सगळं शेवटच्या दर्जाचं. केकचा उभा काप घेतला की सगळे थर दिसतात, तसं.

'अर्ली ॲक्सेस' ही याहून वेगळी गोष्ट. त्यात आपण पैसे देऊन अपुरा गेम विकत घेतो आणि तो पुढे पूर्ण होत जातो. डेमोला पैसे पडत नाहीत.

डेमो मिळतात कुठे? मुख्यतः स्टीम आणि इच डॉट आयओ या दोन ठिकाणी. स्टीमवर दरवर्षी फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये 'नेक्स्ट फेस्ट' भरतो. त्या आठवड्यात शेकडो नव्या गेमचे डेमो एकदम खेळता येतात. एका गेमला या जत्रेत एकदाच दुकान मांडता येतं, त्यामुळे त्या डेमोवर बनवणाऱ्यांची बरीच मदार असते.

व्हिज्युअल नॉव्हेलच्या बाबतीत डेमोचं महत्त्व आणखी एका कारणानं वाढतं. मारामारीच्या गेमचा ट्रेलर बघून साधारण अंदाज येतो. वाचायच्या गेमचा ट्रेलर बघून लेखन कसं आहे ते कळत नाही. ते वाचावंच लागतं.

गोव्याचा 'फिशबोल': डेमोतून काय दिसतं

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. 'फिशबोल' हा गेम रिया गुप्ते आणि प्रतीक सक्सेना या दोघांनी गोव्यात राहून घडवला. त्यांच्या स्टुडिओचं नावच आहे 'आय मिस माय फ्रेंड्स'. कोरोनाच्या काळातला एकटेपणा या नावात आहे आणि गेममध्येही आहे. प्लेस्टेशनच्या 'इंडिया हीरो प्रोजेक्ट'मध्ये या गेमची निवड झाली होती.

काटेकोर व्याख्येत हा शुद्ध व्हिज्युअल नॉव्हेल नाही. यात पात्राला खोलीत फिरवता येतं आणि छोटी कोडी आहेत. पण गेमचा जीव संवादात आहे, म्हणून इथे घेतला.

गोष्ट महिनाभराची. आलो नावाची २१ वर्षांची मुलगी नव्या शहरात एकटी राहायला आली आहे. घरूनच व्हिडिओ एडिटिंगची नोकरी करते. तिची आजी नुकतीच गेली आहे. आजीच्या वस्तूंची खोकी घरात येऊन पडली आहेत. खोकं उघडायचं, आतल्या वस्तू सरकवून कोडं सोडवायचं, की एक आठवण उघडते. मधल्या वेळात दात घासणं, आंघोळ, कपडे धुणं ही रोजची कामं छोट्या खेळांच्या रूपात येतात. घरच्यांचे आणि मैत्रिणींचे व्हिडिओ कॉल येतात. लहानपणीचा चावीचा मासा तिच्याशी बोलू लागतो. त्या माशाचं नाव पापलेट. मराठी माणसाला इथे आपसूक हसू येतं. बाहेरच्या खेळाडूला ते फक्त एक गोड नाव वाटेल.

डेमो खेळून माझं मत असं बनलं:

*जमलेलं:* रोजच्या कामांना गेमनं दिलेली किंमत. दुःखात असलेल्या माणसाला उठून दात घासणंही जड जातं, हे गेम भाषण न देता सांगतो, कारण ते काम बटण दाबून आपल्यालाच करावं लागतं. शब्द आणि कृती इथे एकाच दिशेनं ओढतात. कथाप्रधान गेममध्ये हेच अवघड असतं.

*विचार करायला लावणारं:* लय. अशा गेममध्ये तीच ती कामं पुन्हा करायची असतात. डेमोच्या थोड्या वेळात ती हवीहवीशी वाटतात. तीच महिनाभराच्या गोष्टीत कशी वाटतील, ते डेमो सांगू शकत नाही. कुठल्याही डेमोबद्दल हे लक्षात ठेवा: सुरुवात चांगली आहे एवढंच त्यावरून कळतं, लांबी पेलली का ते कळत नाही.

*आपल्यासाठी खास:* मासा पापलेट आहे, पण संवाद इंग्रजीत आहेत. यात बनवणाऱ्यांचा दोष काढण्यासारखं काही नाही. दोघांच्या टीमला जगभरचं गिऱ्हाईक हवं तर इंग्रजी लागणारच. पण मग प्रश्न पडतो, मराठीत असा गेम करायचा म्हटलं तर अडतं कुठे? त्याचं उत्तर भाषेत कमी आणि तंत्रात जास्त आहे. आधी निवडीचं तंत्र पाहू, मग लिपीकडे वळू.

पर्याय निवडला की आत काय होतं?

गेम आपली निवड लक्षात ठेवतो ती 'फ्लॅग'मध्ये. फ्लॅग म्हणजे एक साधा व्हेरिएबल. 'आईला खरं सांगितलं' याचं उत्तर हो किंवा नाही. पुढे कुठेतरी स्क्रिप्ट हे उत्तर तपासते आणि त्याप्रमाणे संवाद बदलते.

आता हिशोब करा. प्रत्येकी दोन पर्यायांच्या १० निवडी असतील आणि प्रत्येक वाट वेगळी ठेवायची असेल तर १,०२४ वाटा होतात. दोन माणसं एवढं लिहूच शकत नाहीत. म्हणून वाटा फुटतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र येतात, नाले नदीला मिळावेत तसे. ही फसवणूक नाही. फ्लॅग शिल्लक असतो, आणि चांगला लेखक तो नंतर अनपेक्षित जागी वापरतो.

म्हणून डेमो दोनदा खेळा. दुसऱ्यांदा प्रत्येक निवड उलटी करा. फक्त पुढचं एक वाक्य बदललं की दहा मिनिटांनी एखाद्या पात्राला ते आठवलं? दुसरं घडत असेल तर स्क्रिप्टमागे विचार आहे.

भाषा स्वतःच खेळाचा नियम होऊ शकते, याचं एक सुंदर उदाहरण म्हणजे 'वेनबा'. टोरांटोच्या विसाई गेम्सनी २०२३ मध्ये आणलेला हा गेम कॅनडात गेलेल्या तमीळ कुटुंबाचा आहे. आईकडून आलेल्या पाककृतींच्या वहीतला मजकूर फाटला-पुसला आहे आणि आपण इडलीपासून एकेक पदार्थ अंदाजानं पूर्ण करतो. मुलगा मोठा होताना तमीळपासून दूर जातो, आणि ते अंतर संवादांतून जाणवत राहतं. या गेमला २०२४ मध्ये बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. म्हणजे घरातली भाषा आणि स्वयंपाक एवढ्या भांडवलावर जागतिक दर्जाचा गेम उभा राहतो.

देवनागरीची परीक्षा

व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये अक्षर बिघडलं की गेमच बिघडला, कारण वाचण्याखेरीज त्यात फारसं काही नाही. इंग्रजी अक्षरं एकापुढे एक ठेवली की काम संपतं. देवनागरीत तसं नाही. 'कि' लिहिताना कॉम्प्युटरकडे आधी 'क' साठवला जातो, मग ऱ्हस्व वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी डावीकडे काढावी लागते. जोडाक्षरं, रफार, 'कृ', 'रु' या सगळ्यांची जागा आणि आकार शेजाऱ्यांवर ठरतो. या कामाला टेक्स्ट शेपिंग म्हणतात. ते करणारी प्रसिद्ध फुकट लायब्ररी म्हणजे हार्फबझ. ब्राउझर आणि अँड्रॉइड तीच वापरतात.

गेम इंजिनांमध्ये ही सोय उशिरा आली:

- रेनपाय: ८.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीपासून, हार्फबझ आत आलं. त्याआधीच्या आवृत्तीत बनलेल्या गेममध्ये मराठी घातलं तर अक्षरं तुटतात.
- गोडो: मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट दिसते. तिसऱ्या आवृत्तीत शेपिंग नव्हतं.
- युनिटी: त्यातलं नेहमी वापरलं जाणारं टेक्स्टमेशप्रो देवनागरीचं शेपिंग स्वतःहून करत नाही. वेगळी जोडणी करावी लागते.

शेपिंग आलं तरी फॉन्ट हवाच. रेनपायसोबत येणाऱ्या डेजावू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे नुसते चौकोन दिसतात. मुंबईच्या एक टाइप या गटाचे 'मुक्त' आणि 'बालू' किंवा गूगलचा 'नोटो सान्स देवनागरी' हे फॉन्ट फुकट आहेत आणि गेमसोबत वाटायची परवानगी त्यांच्या परवान्यात आहे.

मराठीची खास अडचण 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' ची. 'आचाऱ्याला बोलाव' आणि 'आचार्याला बोलाव' यांत स्वयंपाकी आणि गुरुजी एवढा फरक आहे. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. हिंदीपुरती चाचणी केलेल्या गेममध्ये हे सुटून जातं. शिवाय मराठी 'ल' आणि 'श' चे आकार हिंदीतल्यापेक्षा वेगळे आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण भाषा मराठी आहे हे इंजिननं फॉन्टला सांगावं लागतं.

आणखी एक बारीक गोष्ट. संवाद एकेक अक्षर उमटत जातो, त्याला टाइपरायटर इफेक्ट म्हणतात. इंजिन अक्षराऐवजी कॉम्प्युटरचे कोड मोजत असेल तर 'क्षि' उमटताना आधी 'क', मग हलन्त, मग 'क्ष', मग वेलांटी अशी उडी दिसते. दोन ओळींत डोळा थकतो.

कुठल्याही डेमोत मजकूर टाकायची सोय असेल, जसं की पात्राचं नाव, तर मराठी टाकून बघा. स्वतः काही बनवत असाल तर हे वाक्य चालवून पाहा:

*मोर्शीच्या आचाऱ्यानं दुसऱ्या पंक्तीत शिऱ्याऐवजी कढी वाढली, म्हणून कृष्णा रुसला.*

रफार, ऱ्या, वेलांट्या, म्ह, कृ, ष्ण, रु असं बरंच काही यात आहे. हे वाक्य नीट दिसलं आणि नीट उमटलं तर मोठा अडथळा गेला.

मोझरीची एक संध्याकाळ: कागदावरचा डेमो

डेमो पारखायला शिकायचं असेल तर एक डेमो कागदावर मांडून बघावा. ठिकाण माहितीतलं घ्या. मी आमचंच गाव घेतो.

गुरुकुंज मोझरी अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे आश्रम उभारला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते गेले, आणि त्यांची समाधी इथेच आहे. पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी जमलेला अफाट समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो. भजनांचा, खंजिरीचा, भोंग्यांचा आवाज असतो आणि त्या मिनिटाला तो थांबतो.

आता डेमोचा हिशोब. १५ मिनिटांचा डेमो. मिनिटाला साधारण १५० शब्द वाचले जातील असं धरलं तर २,२५० शब्द. थांबे आणि निवडींचा वेळ वजा करून २,००० शब्द लिहायचे. बॅकग्राउंड ४: महामार्गावरचा थांबा, आश्रमाचं प्रवेशद्वार, प्रार्थनेची जागा, घराची ओसरी. पात्रं ३: पुण्याहून आलेला मुलगा, थांब्यावर बसलेले आबाजी, घरी आई. गोष्ट काल्पनिक, जागा खरी.

पहिला प्रसंग. मुलगा एसटीतून उतरतो. आबाजी विचारतात:

"काऊन बा, कुठून येऊन रायला तू?"

पर्याय तीन:

१. "पुण्याहून आलो आबाजी. तुमची तब्येत बरी हाय ना?"
२. (मोबाइल बघत) "पुण्याहून."
३. (काही न बोलता शेजारी बसायचं)

पहिला पर्याय घेतला तर आबाजी पुढेही 'तू'च म्हणतात. घरचा समजून. दुसरा घेतला तर त्यांचं पुढचं वाक्य असं:

"हव बा. तुमी शहराचे लोकं, तुमाले घाई."

'तू'चं 'तुमी' झालं. मान वाढलेला नाही, अंतर वाढलेलं आहे. वऱ्हाडी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे तिथे हा फ्लॅग दाखवायचा तर वेगळं वाक्य लिहावं लागेल. आपल्याकडे एका सर्वनामावर काम होतं. तिसऱ्या पर्यायात आबाजीही गप्प राहतात, आणि थोड्या वेळानं स्वतःहून बोलू लागतात. डेमोतला सगळ्यात मोठा संवाद तिथेच उघडायचा.

दुसरा प्रसंग ४ वाजून ५८ मिनिटांचा. इथे तंत्राचा खरा प्रश्न येतो: शांतता दाखवायची कशी? रेनपायमध्ये ठरावीक सेकंद क्लिक बंद ठेवता येतं. पण वाचकाचा हात बांधून ठेवला तर गेम अडकला असंच त्याला वाटतं. त्यापेक्षा संगीत थांबवायचं, संवादाची चौकट काढून टाकायची, चित्र तसंच ठेवायचं आणि क्लिक चालू ठेवायचं. कुणी क्लिक करून पुढे गेला तर गेम अडवत नाही, फक्त फ्लॅग नोंदवतो. कुणी थांबला तर तेही नोंदवतो. संध्याकाळी ओसरीवर आई विचारते, "कसं वाटलं तिथं?" आणि थांबलेल्याला एक पर्याय जास्त दिसतो. यादी न दाखवता घेतलेली ही निवड आहे. चांगल्या व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये अशा जागा शोधत जा.

एक कायद्याची गोष्ट. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. त्यामुळे 'ग्रामगीते'तल्या ओव्या किंवा महाराजांची भजनं गेममध्ये घ्यायची तर २०२८ संपेपर्यंत रीतसर परवानगी लागेल. भजनाच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क पुन्हा वेगळे असतात.

डेमो खेळताना तपासायची यादी

- मजकुराचा वेग सेटिंगमध्ये बदलता येतो का? अक्षरांचा आकार वाढवता येतो का?
- मागचे संवाद पुन्हा वाचता येतात का? याला हिस्टरी किंवा बॅकलॉग म्हणतात. रेनपायमध्ये माउसचं चाक मागे फिरवलं की गोष्टही मागे जाते.
- स्किप फक्त वाचून झालेला मजकूर उडवतो की न वाचलेलाही? पहिलं बरोबर.
- सेव्ह कुठेही करता येतं का? डेमोतलं सेव्ह पूर्ण गेममध्ये चालणार आहे का?
- चेहरे आणि शब्द जुळतात का? रागाचं वाक्य आणि हसरा स्प्राइट ही नेहमीची चूक.
- आवाज बंद करून पाच मिनिटं खेळा. लेखन तेवढ्यावर टिकतं का?
- मोबाइलवर पर्यायांची बटणं बोटाला सापडतात का?
- डेमो संपतो कुठे? अर्ध्या वाक्यावर तोडलेला डेमो उत्सुकता वाढवतो असं नाही. एक छोटा प्रसंग पूर्ण करून पुढचा प्रश्न मनात ठेवणारा डेमो चांगला.

मत कळवायचं कसं?

पूर्ण गेम आल्यावर दिलेलं मत बहुतेकदा पुढच्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं असतं. डेमोवर दिलेलं मत गेमच बदलू शकतं, कारण स्क्रिप्ट अजून उघडी असते. म्हणून 'मस्त' किंवा 'बोर' यापलीकडे लिहा. कुठला प्रसंग, तुम्ही काय निवडलं, काय अपेक्षा होती, काय झालं. सोबत स्क्रीनशॉट आणि तुमचा फोन किंवा लॅपटॉप कुठला ते.

आणि मराठी हवं असेल तर ते याच टप्प्यावर मागा. इंजिनची आवृत्ती बदलणं, फॉन्ट बसवणं, संवादाची चौकट थोडी उंच करणं (आपल्या मात्रा-वेलांट्यांना वर-खाली जागा लागते) ही कामं डेमोच्या वेळी काही दिवसांत होतात. गेम पूर्ण झाल्यावर तीच कामं महिन्यांवर जातात आणि मग कुणी हात लावत नाही. 'मराठी द्या' एवढंच लिहिण्यापेक्षा 'आचाऱ्याचं आचार्य झालं' असा पुरावा पाठवा. तो दुरुस्त करता येतो.

नेहमी पडणारे प्रश्न

कोडिंग येत नाही, तरी बनवता येईल का?
हो. रेनपायची स्क्रिप्ट नाटकाच्या संहितेसारखी असते: पात्राचं नाव, पुढे अवतरणचिन्हांत संवाद. फ्लॅग आणि अटी एका आठवड्यात हाताला बसतात.

डेमो आवडला तर लगेच विकत घ्यावा का?
बहुतेक वेळा पूर्ण गेम आलेला नसतो. स्टीमवर विशलिस्टला टाका. छोट्या टीमसाठी ती यादीही मोलाची असते. स्टीमवर किंमत रुपयांत दिसते. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात.

प्रमाण मराठी वापरावी की बोली?
निवेदन प्रमाण, संवाद बोलीत, असं सुरुवातीला सोपं जातं. मात्र बोली जपून लिहा. 'मले', 'तुले', 'काऊन' पेरले की वऱ्हाडी होत नाही. स्क्रिप्ट गावातल्या एखाद्या आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. जिथे ती म्हणेल "असं नाही बोलत बा आपण", ते वाक्य बदला.